दीडशे किलोंचा आडोसा

जॉर्जिया विद्यापीठाच्या २०२१ च्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वे वॉकर आणि नकोबी डीन हे दोन लाइनबॅकर शेजारी शेजारी उभे राहत. वॉकरची उंची ६ फूट ४ इंच, डीनची ५ फूट ११ इंच. देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठ लाइनबॅकरला दिला जाणारा बट्कस पुरस्कार त्या वर्षी डीनला मिळाला. संघ राष्ट्रीय विजेताही झाला. पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची क्रमवार निवड) झाला, तेव्हा वॉकर २२ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि डीन ८३ व्या. डीनच्या दुखापतींबद्दलही संघांना शंका होत्या. पण पुरस्कार मिळवलेला खेळाडू शेजाऱ्याच्या ६१ जागा मागे पडला, त्यात त्या पाच इंचांचा वाटा मोठा होता.

डीनचं वजन सुमारे १०४ किलो. या वजनाच्या माणसाला आपल्याकडे डॉक्टर सकाळी चालायला पाठवतात. एनएफएलमध्ये मात्र लाइनबॅकरच्या जागेवर तो 'लहान' ठरतो. या लीगमध्ये लहान अंगाचा लाइनबॅकर टिकू शकतो का, हा वाद किमान साठ वर्षांचा आहे. दोन्ही बाजूंना नावांची कमतरता नाही, आणि नावं मोजत बसल्यानेच तो सुटत नाही.

आधी ही जागा समजून घेऊ. बचावात पुढच्या ओळीत धिप्पाड गडी असतात, सर्वांत मागे चपळ सेफ्टी आणि कॉर्नरबॅक. या दोहोंच्या मध्ये, खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेपासून चार-पाच यार्डांवर, लाइनबॅकर. धाव अडवायची तर पुढे घुसायचं, पास अडवायचा तर मागे पळायचं. पुढे गेलं की समोर आक्रमणाच्या ओळीतला १४० किलोंचा गार्ड, मागे गेलं की अंगावर पास झेलणारा साडेसहा फुटी टाइट एन्ड. दोन्ही कामं करणारं शरीर घडवायचं तर ते सव्वासहा फूट उंच, ११० किलो वजनाचं आणि तरीही वेगवान हवं, असं निवड करणाऱ्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं बसलेलं आहे. शिकागोचा ब्रायन अर्लाकर हा त्याचा नमुना: ६ फूट ४ इंच, ११७ किलो, आणि पळायला सेफ्टीसारखा.

आता एक साधी धाव जवळून पाहू. चेंडू आक्रमणाच्या सूत्रधाराकडे, क्वार्टरबॅककडे जातो त्याच क्षणी समोरचा डावा गार्ड उजवा पाय मागे टाकतो आणि रेषेमागून उजवीकडे पळत सुटतो. चेंडू कोणाकडे गेला हे लाइनबॅकरला अजून दिसलेलंही नसतं. पण गार्डच्या त्या एका पावलाने धाव कुठे निघाली ते सांगून टाकलेलं असतं. ज्याने ते पाऊल वाचलं, तो फटीच्या तोंडाशी गार्डच्या आधी पोचतो. ज्याला ते अर्धा सेकंद उशिरा कळलं, त्याच्या छातीवर १४० किलो येऊन आदळतात. अंगाने मोठा असेल तर तो धक्का खाऊनही उभा राहील, एक हात मोकळा करून चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला पकडेलही. लहान असेल तर तो चित्रातून बाहेर. थोडक्यात, मोठं शरीर चूक झाकतं. लहान लाइनबॅकरला चूक परवडत नाही.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी. 'लहान' या एका शब्दात दोन अगदी वेगळी माणसं कोंबली जातात. एक बुटका, पण वजनदार. दुसरा उंच, पण हलका. पहिल्याच्या अंगात ताकद असते, पल्ला नसतो. दुसऱ्याकडे पल्ला आणि वेग असतो, वजन नसतं. दोघांच्या अडचणी वेगळ्या, उपायही वेगळे. वादाचा निम्मा गोंधळ या दोघांना एकाच तागडीत टाकल्यामुळे झालेला आहे.

बुटक्यांचा इतिहास जास्त उजळ आहे. निक बुओनिकोंटी ५ फूट ११ इंच, जेमतेम १०० किलो. १९६२ मध्ये एएफएल या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव तेराव्या फेरीत आलं. दहा वर्षांनी एकही सामना न हरलेल्या मायामी डॉल्फिन्सच्या बचावाच्या मध्यभागी तोच उभा होता. जॉर्जियातल्या वाल्डोस्टा स्टेट या छोट्या विद्यापीठातून आलेल्या जेसी टगलला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नाही. तो अटलांटासाठी १९८७ ते २००० खेळला आणि पाचदा प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांच्या सामन्याला, निवडला गेला. लंडन फ्लेचर ५ फूट १० इंच. विद्यापीठ खेळाच्या तिसऱ्या श्रेणीतून, तोही ड्राफ्टशिवायच आला. १६ मोसमांत सलग २५६ सामने खेळला आणि एकही चुकवला नाही. लहान शरीर लवकर मोडतं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा खिशात ठेवावा.

या रांगेत सर्वांत पुढे उभा करावा असा माणूस म्हणजे सॅम मिल्स. उंची ५ फूट ९ इंच. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेटमध्ये शिकलेला. १९८१ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला सराव शिबिरातून घरी पाठवलं, पुढच्या वर्षी कॅनडाच्या लीगमधल्या टोरोंटोने तेच केलं. मिल्स ईस्ट ऑरेंजच्या हायस्कूलमध्ये सुतारकाम आणि फोटोग्राफी शिकवू लागला, संध्याकाळी मुलांना फुटबॉल. १९८३ मध्ये यूएसएफएल ही नवी लीग निघाली. त्याला घरी पाठवणाऱ्या क्लीव्हलँडच्या प्रशिक्षकानेच फिलाडेल्फिया स्टार्सकडे त्याची शिफारस केली. स्टार्सने १९८४ आणि १९८५ अशी दोन विजेतेपदं मिळवली. प्रशिक्षक जिम मोरा १९८६ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडे गेले तेव्हा मिल्सला सोबत घेऊन गेले. एनएफएलचा पहिला सामना खेळताना तो २७ वर्षांचा होता. या वयात अनेकांची कारकीर्द उताराला लागलेली असते.

तिथे रिकी जॅक्सन, पॅट स्विलिंग आणि वॉन जॉन्सन यांच्यासोबत त्याची चौकडी जमली. 'डोम पट्रोल' हे तिचं नाव, आणि १९९२ च्या मोसमात चौघेही प्रो बोलला निवडले गेले. पुढे पेटन मॅनिंगसारख्या विख्यात क्वार्टरबॅकलाही शिकवलेले मोरा आपण हाताखाली घेतलेला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मिल्सचं नाव घेत.

मिल्स नेमकं काय करायचा, हे १५ ऑक्टोबर १९९५ ला दिसलं. कॅरोलायना पँथर्स हा नवाकोरा संघ पहिले पाचही सामने हरला होता. सहावा न्यूयॉर्क जेट्सशी. जेट्सचा क्वार्टरबॅक बबी ब्रिस्टर याने गर्दीतच खालून चेंडू ढकलला. शव्हल पास म्हणतात तो, धावेचं सोंग घेतलेला पास. बचावातले धिप्पाड गडी क्वार्टरबॅकवर झेपावलेले असताना त्यांच्याच बगलेखालून निसटावा म्हणून तो आखलेला असतो. मिल्स झेपावला नाही. चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच होता. चेंडू झेलून ३६ यार्ड पळत त्याने गोलरेषा गाठली. वयही ३६ च. पँथर्सने आयुष्यातला पहिला सामना जिंकला. या खेळीत उंचीचं काही काम नव्हतं, ताकदीचंही फारसं नव्हतं. वाचन होतं, आणि वाचल्यावर जागच्या जागी थांबण्याचा संयम होता.

अंगाचा उपयोगही बुटक्याला वेगळ्या तऱ्हेने होतो. कुस्तीत पट काढणारा मल्ल समोरच्याच्या छातीला भिडत नाही, त्याच्या कमरेखाली शिरतो. १४० किलोंच्या गार्डचं काम समोरच्याच्या छातीवर पंजे रोवून त्याला वर उचलण्याचं. ज्याची छाती मुळातच त्याच्या पोटाच्या पातळीवर आहे, त्याला उचलायला गार्डला गुडघे फार वाकवावे लागतात, आणि सव्वासहा फुटी माणूस पळता पळता तेवढा वाकत नाही. मिल्स, फ्लेचर, टगल यांना उंचीचं जे वाण होतं, ते धाव अडवताना असं कामी आलं. पिट्सबर्गचा जेम्स हॅरिसन आणि डेन्व्हरचा एल्विस ड्युमर्व्हिल हे कडेने क्वार्टरबॅकवर चालून जाणारे. जागा वेगळी, पण मेख हीच. हॅरिसन ड्राफ्टशिवाय आला आणि २००८ मध्ये लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. ५ फूट ११ इंचांच्या ड्युमर्व्हिलने २००९ मध्ये १७ वेळा क्वार्टरबॅकला आडवा केला. त्या मोसमात याहून जास्त कोणाचेच नव्हते.

बुटक्याची खरी पंचाईत पासच्या वेळी होते. क्वार्टरबॅक त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकतो. ट्रॅव्हिस केल्सी ६ फूट ५ इंच, रॉब ग्रॉन्काउस्की ६ फूट ६. अशा टाइट एन्डला लाइनबॅकर सावलीसारखा चिकटला तरी चेंडू त्याच्या हाताच्या वीतभर वरून जातो. वाचनाने चार पावलं वाचतात, पण हात लांब होत नाहीत.

हलक्या लाइनबॅकरचा काळ बुटक्यांनंतर आला, आणि तो नियमांनी आणला. १९७८ मध्ये एनएफएलने पास झेलणाऱ्याला पाच यार्डांपुढे धक्के मारायला बंदी केली, शिवाय आक्रमणाच्या ओळीला हात पसरून अडवायची मुभा दिली. पास सोपा झाला, आणि सोपं झालेलं लोक जास्त करू लागले. पळणाऱ्याच्या पुढे वाट साफ करणारा फुलबॅक बाजूला पडला, त्याच्या जागी तिसरा झेलणारा आला. उत्तरादाखल बचावानेही एक लाइनबॅकर काढून पाचवा मागचा गडी घातला. त्या रचनेला निकल म्हणतात. एके काळी खास प्रसंगाची असलेली ही रचना आज निम्म्याहून जास्त वेळा मैदानावर असते. तीन लाइनबॅकर होते तिथे दोन उरले, आणि त्या दोघांना तिघांची जमीन पळून काढावी लागू लागली.

टोनी डंजी आणि मॉन्टी किफिन यांनी टँपा बेमध्ये या पळण्यालाच योजनेचं रूप दिलं. मधल्या लाइनबॅकरने पास दिसताच दोन सेफ्टींच्या मधल्या पोकळीत खोलवर धावायचं, असा 'टँपा टू'चा दंडक. हे काम जड, संथ शरीराला झेपत नाही. बाहेरच्या बाजूला होता डेरिक ब्रुक्स, ६ फूट आणि सुमारे १०६ किलो. तो २२४ सामने खेळला, एकही चुकवला नाही. २००२ मध्ये सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, सुपर बोलमध्ये, ओकलंडचा पास अडवून थेट गोलरेषेपार गेला. हलकेपणा खपवून घ्यायची उणीव राहिला नाही, लोक तो शोधू लागले.

मग शोधणारे आणखी पुढे गेले. ॲरिझोना कार्डिनल्सने २०१४ मध्ये डिऑन बुकॅनन हा सेफ्टी पहिल्या फेरीत घेतला आणि ९६ किलोंच्या त्या पोराला लाइनबॅकरच्या जागी उभं केलं. त्या जागेला 'मनीबॅकर' असं नवं नावही दिलं. काही वर्षं ही युक्ती चालली. २०१८ मध्ये प्रशिक्षक बदलले, योजना बदलली, आणि बुकॅननची हक्काची जागा गेली. तो आधीइतकाच वेगवान होता. ज्या घरात त्याचं माप बसत होतं ते घरच राहिलं नाही. इतर कोणत्याही खेळाडूपेक्षा लहान लाइनबॅकरचं नशीब प्रशिक्षकाच्या वहीला जास्त बांधलेलं असतं.

उलट बाजूचा दाखलाही याच संघाने दिला. २०२० मध्ये त्यांनी आयझाया सिमन्सला ८ व्या क्रमांकावर घेतलं. ६ फूट ४ इंच, १०८ किलो, वेग सेफ्टीचा, बट्कस पुरस्कार नावावर. कागदावर यापेक्षा चांगलं शरीर मिळणं कठीण. तीन वर्षांनी सातव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात तो न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. लहान शरीर चुकांना माफ करत नाही, तसं मोठं शरीर गार्डचं पाऊल वाचून देत नाही.

मग लहान लाइनबॅकर यशस्वी कुठे झाले? त्यांच्या पुढ्यात कोण उभं होतं ते पाहिलं की चित्र उलगडू लागतं. रे लुइस आज राक्षसासारखा आठवतो, पण १९९६ मध्ये तो या जागेसाठी लहान मानला गेला होता. २००० च्या बाल्टिमोर रेव्हन्सनी १६ सामन्यांत अवघे १६५ गुण दिले, तेव्हा लुइसच्या समोर टोनी सिरागुसा आणि सॅम ॲडम्स हे दीडशे किलोंच्या घरातले दोघे होते. सिरागुसाचं काम समोरचे दोन-दोन गडी अंगावर घेऊन बसायचं. त्याच्या नावावर टॅकल फारसे लागायचे नाहीत. पण त्याने दोघांना धरून ठेवलं की लुइसच्या वाटेत कोणी उरत नसे, आणि वाट मोकळी असलेल्या लुइसला कोणी थांबवू शकत नसे. झॅक थॉमसचं तसंच. टेक्सास टेकचा ५ फूट ११ इंचांचा हा गडी १९९६ मध्ये १५४ व्या क्रमांकावर मायामीकडे आला आणि पहिल्याच वर्षी जॅक डेल रिओसारख्या अनुभवी लाइनबॅकरला घरी बसवून त्याची जागा घेतली. पुढे सात प्रो बोल. त्याच्यासमोर टिम बोवेन्स आणि डॅरिल गार्डनर हे दोन डोंगर होते. थॉमसचं वाचन अफाट होतं, आणि त्या वाचनाला उपयोगात यायला जागा हवी होती. ती डोंगरांनी दिली.

असा आडोसा प्रत्येक योजनेत नसतो. काही संघ पुढच्या ओळीतल्या गड्याला दोन फटी सांभाळायला लावतात आणि लाइनबॅकरने गार्डला अंगावर घेऊन त्याला जागीच खिळवावं अशी अपेक्षा ठेवतात. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचे लाइनबॅकर म्हणूनच दांडगे असत. डॉन्टा हायटॉवर १२० किलोंच्या आसपासचा. त्या घरात मिल्स बसला असता का, हे सांगता येत नाही. बुकॅनन बसला नसता, हे मात्र सांगता येतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही पूर्ण ऐकायला हवं. मिल्स, थॉमस, फ्लेचर ही नावं आपल्याला माहीत आहेत ती ते टिकले म्हणून. त्यांच्याच उंचीचे, त्यांच्याइतकेच जिद्दी किती जण सराव शिबिरातून घरी गेले आणि कायमचे सुतारकाम शिकवत राहिले, त्यांची यादी कोणी ठेवत नाही. लहान चणीच्या खेळाडूवर मोठी बोली लावावी का, हा तर अजूनच वेगळा प्रश्न. पिट्सबर्गने २०१९ मध्ये पुढची जागा विकत घेऊन ५ फूट ११ इंचांच्या डेव्हिन बुशला १० व्या क्रमांकावर उचललं. दुसऱ्या वर्षी त्याचा गुडघा गेला, नंतर तो पिट्सबर्गमध्ये पूर्वीसारखा दिसला नाही, आणि संघाने करारातलं पाचवं वर्ष घेतलं नाही.

शिवाय लंबक परत फिरू लागला आहे. बचाव हलका झाला हे आक्रमणाला दिसतंच. सॅन फ्रान्सिस्कोने फुलबॅक टिकवून ठेवला. २०२४ मध्ये बाल्टिमोरच्या डेरिक हेन्रीने १,९२१ यार्ड धाव काढली, फिलाडेल्फियाच्या सॅक्वॉन बार्क्लीने २,००५. हेन्री ११२ किलोंचा, म्हणजे त्याला अडवायला येणाऱ्या अनेक लाइनबॅकरपेक्षा जड. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला त्याला पाडताना क्लीव्हलँडचा शंभर किलोंचा जेरेमाया ओवुसू-कोरामोआ मानेला जबर दुखापत होऊन कोसळला. नुकताच प्रो बोल खेळून आलेला, लीगमधल्या सर्वांत चपळ लाइनबॅकरपैकी एक. २०२५ चा मोसमही तो खेळू शकला नाही. फ्लेचरचे २५६ सामने हे जितकं खरं, तितकंच हेही खरं.

तर मग निकाल काय? बुटका पण भक्कम लाइनबॅकर यशस्वी होऊ शकतो, त्याला साठ वर्षांची साक्ष आहे. अट ही, की त्याचं वाचन इतरांपेक्षा अर्धा सेकंद पुढे हवं. उंच पण हलका लाइनबॅकरही यशस्वी होऊ शकतो, पण विशिष्ट प्रशिक्षकाच्या विशिष्ट योजनेत, आणि ती योजना आहे तोवर. या दोघांनाही पुढ्यात वजन लागतं. आकार लागत नाही असा याचा अर्थ नव्हे. अकरा जणांत मिळून तो कुठे तरी असावाच लागतो. लाइनबॅकरच्या अंगात नसेल तर त्याच्या पुढच्याच्या अंगात.

लहान की मोठा हे जागेवर किती अवलंबून असतं, ते २०२४ च्या फिलाडेल्फिया ईगल्सने दाखवलं. झॅक बॉन १०२ किलोंचा. न्यू ऑर्लीन्समधल्या चार वर्षांत त्याला कडेने हल्ला करायलाही लावलं गेलं, आणि त्या जागेला तो हलका पडला. ईगल्सचे बचाव प्रशिक्षक विक फँजिओ यांनी त्याला कडेवरून मध्ये आणलं. त्याच अंगाचा, त्याच वजनाचा तो माणूस त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला आणि सुपर बोलमध्ये त्याने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचा पास अडवला. त्याच्या शेजारी वर्षभर उभा होता नकोबी डीन. नोव्हेंबरमध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध शेवटच्या मिनिटांत एंड झोनमध्ये पास अडवून त्याने सामना वाचवला होता. जानेवारीत ग्रीन बेविरुद्ध त्याचा गुडघा गेला, आणि फेब्रुवारीत ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०–२२ असं हरवलं तेव्हा तो मैदानाबाहेर होता. त्याच्या जागी दुसरा उभा राहिला आणि बचाव ढासळला नाही.

कारण बॉन, डीन आणि डीनच्या जागी आलेला, तिघांच्याही पुढ्यात जेलन कार्टर होता आणि १५२ किलोंचा जॉर्डन डेव्हिस होता. हे दोघेही जॉर्जियाचेच. २०२१ मध्ये डीन बट्कस पुरस्कार मिळवत होता तेव्हाही त्याच्यासमोर हेच उभे होते. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ईगल्सनी डेव्हिसला १३ व्या क्रमांकावर घेतलं, आणि डीनला ८३ व्या. आडोसा महाग पडतो. त्या आडोशाला उभं राहून मैदान वाचणारा मात्र अजूनही तिसऱ्या फेरीत मिळतो.